पाणबुडीच्या मागावर मासेमारीची बोट

पुलंचं ‘एका कोळियाने’ वाचलंय ना? मग मूळ लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचा हा उद्योगही ऐका. ‘पिलार’ ही त्याची ३८ फुटी लाकडी मोटरबोट, १९३४ मध्ये घेतलेली, खास मासेमारीसाठी. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या क्युबाजवळ जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा हवानातल्या अमेरिकी वकिलातीच्या पाठिंब्याने गडी तीच बोट घेऊन गस्तीला निघाला. बेत काय, तर साधे मच्छीमार असल्याचा आव आणायचा आणि पाणबुडी वर येऊन जवळ आली की तिच्या उघड्या झाकणातून हातबॉम्ब टाकायचे! तिच्याकडे तोफ, याच्याकडे लाकडी फळ्या. वेडेपणाच, पण जिवावरचा. पाणबुडी दिसली ती एकदाच, लांबून, आणि निघून गेली. बायको मार्था गेलहॉर्न स्वतः युद्धवार्ताहर. रेशनिंगच्या काळात पेट्रोल मिळवून मासे धरायचा हा बहाणा आहे, असंच तिला वाटायचं.