दाढीचा ब्रश : पहिल्या महिन्यात निकाल नको

दाढीचा ब्रश हौसेने आणावा, आठ दिवस वापरावा, ‘टोचतो फार’ असे म्हणत न्हाणीघरातल्या फळीवर टाकून द्यावा आणि पुन्हा फेसाच्या डब्याकडे वळावे, हा अनुभव अनेकांच्या गाठी असेल. आपल्याकडे दुधारी पाते कधी पूर्णपणे हद्दपार झाले नाही, पण वडीलधाऱ्यांच्या आरशापुढची साबणाची वाटी आणि ब्रश मात्र बहुतेक घरांतून गेले. आता काही जण हौसेने त्याकडे परत वळतात आणि दुकानात सहज मिळणारा, खिशाला परवडणारा, डुकराच्या राठ केसांचा ब्रश घेतात. याच ब्रशाबद्दल सर्वाधिक तक्रारी ऐकू येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा अन्यायकारक आहेत.

मुळात हा केस समजून घेतला पाहिजे. डुकराच्या पाठीवरचा केस मुळाशी जाड असून टोकाकडे निमुळता होत जातो. विशेष म्हणजे त्याचे टोक निसर्गतःच दुभंगलेले असते, काही वेळा त्याला दोनाहून अधिक फाटेही असतात. ब्रश बनवताना केसांची मुळे एकत्र बांधून मुठीत चिकटवतात आणि ही फुटलेली टोके वर ठेवतात. रोजच्या वापराने ती आणखी फुटत जातात. त्यामुळे महिन्याभरात ब्रशाचा माथा मऊ होतो, पण केसाचा मधला भाग ताठच राहतो. वर मऊ आणि आत कणखर हाच या ब्रशाचा गुण आहे आणि तो कारखान्यात पूर्ण होत नाही, वापरणाऱ्याच्या हाती पूर्ण होतो. अढीत घातलेला हापूस पहिल्याच दिवशी चाखून आंबट ठरवावा, तसा प्रकार आपण या ब्रशाच्या बाबतीत करतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. डुकराचा केस पाणी शोषून घेतो आणि ओला झाल्यावर नरम पडतो. म्हणून तो वापरण्यापूर्वी तीन-चार मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. उकळते पाणी मात्र टाळावे, त्याने केस आणि मुळाशी असलेला चिकटा दोन्ही खराब होतात. कोरडा ब्रश थेट साबणावर फिरवला, तर तो फेसातले पाणी स्वतःच पिऊन टाकतो आणि ‘फेसच होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी मुख्यतः केसांच्या दाटीत धरून ठेवतो, त्याला एवढी भिजवण लागत नाही. कृत्रिम धाग्यांचा ब्रश पाणी जवळजवळ शोषतच नाही. तो पहिल्या दिवसापासून मऊ असतो, लवकर वाळतो आणि ट्यूबमधल्या क्रीमचा फेस झटकन करतो. सकाळची लोकल गाठणाऱ्याने कृत्रिम ब्रश घेतला, तर त्याला दोष देता येणार नाही. साबणाची घट्ट वडी वापरणाऱ्याला मात्र राठ केसांचा ब्रश अधिक उपयोगी पडतो, कारण कठीण साबणावरून भरपूर साबण उचलायला ताठपणाच लागतो.

दोन राठ केसांच्या ब्रशांची आपसांत तुलना करताना बहुतेक लोक मूठ पाहतात. मूठ हातात नीट बसावी हे खरे, पण ब्रशाचा स्वभाव ठरतो तो केसांच्या झुबक्यावरून. झुबक्याचा व्यास साधारणपणे २० ते २८ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. नुसता व्यास पाहूनही भागत नाही, मुठीच्या वर केस किती उंच आहेत, हे पाहावे लागते. २४ मिलिमीटर व्यासाचे दोन ब्रश घेतले आणि एकाचे केस ५० मिलिमीटर, तर दुसऱ्याचे ६५ मिलिमीटर उंच असले, तर दोघांचे वागणे अगदी वेगळे असते. पहिला गालावर दाबला तर लगेच उसळतो. तो थेट चेहऱ्यावर फेस करणाऱ्याला आवडतो, पण नाजूक त्वचेला बोचू शकतो. दुसरा लवचीक असतो, अधिक फेस धरतो आणि वाटीत फेस घोटणाऱ्याला सोयीचा पडतो.

इटलीतील बोलोन्या येथील ‘ओमेगा’ ही १९३१ पासून ब्रश बनवणारी कंपनी. केशकर्तनालयांसाठी तिने बनवलेले लांब केसांचे मोठे ब्रश या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पोर्तुगालमधील ‘सेमोग’ हे राठ केसांच्या ब्रशांसाठी ओळखले जाणारे दुसरे नाव. केसांची प्रत सांगताना तेथे ‘नव्वद टक्के टॉप्स’, ‘पंचाण्णव टक्के टॉप्स’ अशी परिभाषा येते. जुडीतले किती केस पूर्ण लांबीचे आहेत, एवढाच तिचा अर्थ. हे प्रमाण जितके जास्त, तितकी माथ्यावर फुटलेल्या टोकांची दाटी अधिक. आखूड केसांची भर जास्त असेल, तर झुबका मुळाशी भरगच्च आणि वर विरळ वाटतो. ज्या ब्रशाची टोके आकारासाठी कात्रीने छाटलेली आहेत, तो घेऊच नये. नैसर्गिक टोक गेले की मऊपणा येण्याची शक्यताही तेथेच संपते. स्वस्त ब्रश वर्षभरानंतरही टोचतात, त्याचे एक कारण हे असते.

ब्रश कशाचा आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे. वेष्टणावर नुसते ‘नैसर्गिक केस’ असे छापलेले असते. राठ केसांवर बॅजरसारखे काळे पट्टे रंगवण्याची पद्धतही जुनी आहे. ज्यांना धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे डुकराचा केस वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नव्हे. (१९३८ मध्ये नायलॉनचे टूथब्रश बाजारात आले, त्याआधी दात घासण्याच्या ब्रशातही बहुधा हेच केस असत, हे आज कोणाच्या लक्षातही नसते.) आपल्याकडे कानपूर ही या केसांच्या व्यापाराची जुनी पेठ, तेथून ते परदेशी जात.

केसांच्या या लपवाछपवीने कधी काळी जीवही घेतले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना दाढीच्या ब्रशांतून अँथ्रॅक्सची लागण झाली. ते ब्रश घोड्याच्या केसांचे होते आणि त्यांतले काही बॅजरच्या केसांची नक्कल म्हणून विकले गेले होते. युद्धामुळे व्यापाराचे नेहमीचे मार्ग तुटले आणि नीट निर्जंतुक न केलेले केस बाजारात आले. अखेर १९२० मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे अनेक वर्षे ब्रशांच्या मुठींवर ‘निर्जंतुक’ असा शिक्का दिसे, त्यामागे हा इतिहास आहे.

आपला ब्रश कशाचा आहे, हे घरीही तपासता येते. गळालेला एखादा केस चिमट्यात धरून जाळावा. जळक्या केसाचा वास आला आणि चुरगळणारी राख राहिली तर तो प्राण्याचा, वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम. भिंगाखाली टोक दुभंगलेले दिसले, तर बहुधा डुकराचा.

नव्या राठ ब्रशाला पहिले काही दिवस जनावराचा वास येतो. भरपूर साबणाचा फेस करून तो रात्रभर ब्रशात राहू द्यावा आणि सकाळी धुवावा. असे दोन-तीनदा केले की वास उतरतो. सुरुवातीला पाच-दहा केस गळाले, तर घाबरण्याचे कारण नाही. महिन्यानंतरही रोज गळत राहिले किंवा झुबक्यात मधोमध पोकळी दिसू लागली, तर मात्र चिकटा सुटला असे समजावे.

बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे साबणाचा साका होतो, फेस कमी येतो आणि तो साका केसांवर बसून ब्रश चिकट व राठ होतो. साबण थोडा जास्त घ्यावा आणि महिन्यातून एकदा पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घालून ब्रश त्यात खळबळून काढावा. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात प्रश्न वेगळाच असतो. पाणी शोषणारा हा केस दमट हवेत दिवसभर ओलाच राहतो आणि मुळाशी बुरशीचा वास धरतो. ब्रश झटकून, पंचावर पुसून, न्हाणीघराबाहेर वारा लागेल अशा जागी ठेवावा. झाकणाच्या डबीत ओला ब्रश कधीही ठेवू नये, प्रवासातसुद्धा. शक्य असेल तर पावसाळ्याचे चार महिने दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. एका बॅजरच्या किमतीत राठ केसांचे दोन ब्रश सहसा येतात आणि काही पैसे उरतातही.