डेटाबेसच्या नोकरीत पुढे काय शिकावे?

नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडून डेटाबेसच्या, म्हणजे सुसूत्र साठवलेल्या माहितीच्या, कामाला लागलेल्या तरुणांपुढे नव्या साधनांची जत्राच भरलेली असते. परंतु संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली, माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची पद्धत आजही टिकून असल्याने, त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा, एसक्यूएल, कच्ची ठेवून क्लाउडकडे, म्हणजे भाड्याच्या दूरस्थ संगणकांकडे, धावणे उलटेच ठरते. क्वेरी, म्हणजे तक्त्यांना विचारलेला प्रश्न, संथ का चालते हे शोधणे, इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन शोधून देणारी सूची, कोठे हवा हे ओळखणे आणि बॅकअपमधून माहिती खरोखर परत मिळते का हे पडताळणे, ही कौशल्ये प्रमाणपत्रांहून (ती पाठांतरानेही मिळतात) मोलाची आहेत. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली विनामूल्य असल्याने या कौशल्यांचा सराव घरच्या संगणकावर होतो. त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही.