चादरीच्या कोपऱ्यापासून पदवीपर्यंत

नर्सिंगच्या पहिल्या सत्रात शिकायच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे खाटेवर चादर घालणे. चादर मधोमध टाकायची, कोपरा चौकोनी दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा, तळहात फिरवून सुरकुती राहिली नाही ना हे बघायचे. रोगी उठू शकत नसेल तर त्याला एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर पाठीलगत गुंडाळायची, नवी तेवढ्या भागात पसरायची आणि मग दुसऱ्या कुशीवर घेऊन उरलेले काम पुरे करायचे. घरात रोज होणाऱ्या या कामाला परीक्षेत गुण कशासाठी, असे नव्या मुलीला वाटते. उत्तर तिला वॉर्डात, रोग्याच्या पाठीवर मिळते.

पडून राहिलेल्या माणसाचे माकडहाड, टाचा, खांदे आणि डोक्याची मागची बाजू सतत गादीवर दाबली जाते. हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. आधी लालसर डाग दिसतो, मग कातडी सोलवटते आणि दुर्लक्ष झाले तर जखम हाडापर्यंत जाते. हाच शय्याव्रण. घामाने ओली झालेली चादर आणि तिची सुरकुती हे काम लवकर उरकतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, कातडी कोरडी ठेवायची, हाडाच्या उंचवट्यांखाली उशी द्यायची. कोणत्या रोग्याला धोका जास्त, हे ठरवण्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेले ब्रेडन मापन आहे. संवेदना, ओलावा, हालचाल, वावर, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण द्यायचे. बेरीज जितकी कमी, तितका धोका मोठा. चादरीचा कोपरा असा थेट शास्त्राला जोडलेला असतो.

हे शास्त्र पदवीच्या पातळीवर शिकवण्यासाठी मुंबईत चर्चगेटच्या आवारात १९६४ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे नर्सिंग महाविद्यालयही उभे राहिले. तोवर महाराष्ट्रात परिचारिका घडत होत्या त्या मुख्यतः रुग्णालयांच्या शाळांमधून. तिथे शिकणारी मुलगी विद्यार्थिनी कमी आणि बिनपगारी किंवा अल्पवेतनी मनुष्यबळ जास्त, अशी स्थिती अनेकदा असे. विद्यापीठात आल्यावर तिच्या वेळापत्रकात शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांना हक्काची जागा मिळाली.

या विद्यापीठाशी नर्सिंगचे नाते त्याच्या स्थापनेपेक्षाही जुने आहे. धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला भारतातले पहिले महिला विद्यापीठ काढले, तेव्हा सुरुवातीला विद्यार्थिनी होत्या अवघ्या ५. ठाकरसी घराण्याच्या १५ लाखांच्या देणगीनंतर १९२० साली त्याला आजचे नाव मिळाले आणि १९५१ साली कायद्याने मान्यता. पण त्याआधी कितीतरी वर्षे कर्व्यांच्या स्वतःच्या घरातच हा विषय आला होता. १८९३ साली त्यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, नर्सिंग आणि सुईणकाम शिकायला नागपूरला गेल्या होत्या. विधवाविवाह केल्यामुळे वाळीत पडलेल्या बाईने समाजाच्या लेखी हलकी मानलेली ही विद्या रीतसर शिकावी, यात मोठी हिंमत होती. कर्वे १९६२ साली, १०४ वर्षांचे असताना गेले. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांच्या विद्यापीठात नर्सिंगची पदवी आली.

या वाटेवरची दुसरी बाई रमाबाई रानडे. पुणे सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे अग्रभागी होते आणि त्या सभेशी फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा पत्रव्यवहार होता. नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या सार्वजनिक स्वच्छतेवर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. भारतातल्या ब्रिटिश फौजेत दर हजारी ६९ शिपाई दरवर्षी मरत होते, असे १८६३ सालच्या राजआयोगाच्या अहवालात आकड्यांनिशी मांडले गेले, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. शुश्रूषेची मोजदाद करता येते आणि ती केलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

न्यायमूर्तींच्या निधनानंतर रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाची धुरा घेतली आणि पुढच्या काही वर्षांत ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून वर्ग आणि वसतिगृह उभे केले. परक्या पुरुषाला हात लावायचा, रक्त आणि मलमूत्र साफ करायचे, रात्री घराबाहेर राहायचे. या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या पांढरपेशा घराला सोसणाऱ्या नव्हत्या. सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, लाल अलवणातली तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतल्या कॉलेजकुमारांनी टाळ्या पिटून गोंगाट केला. आभार मानायला उठलेल्या रमाबाईंनी त्या मुलांना सगळ्यांसमोर खडसावले. तुमच्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी असेल, याची आठवण त्यांनी करून दिली. ज्या समाजातून त्यांना मुली मिळवायच्या होत्या, तो समाज असा होता.

एवढ्या धडपडीनंतरही देशात परिचारिका किती होत्या? १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालात साधारण ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असा हिशेब आहे. डॉक्टरांचे प्रमाण त्या मानाने बरे होते: ६,३०० लोकांमागे एक. समितीने नर्सिंगला विद्यापीठीय शिक्षणाचा दर्जा द्यावा असे सुचवले आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर इथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. मुंबईला चर्चगेटचे महाविद्यालय मिळायला त्यानंतर १७ वर्षे लागली.

आज बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण चार वर्षांचे. २०२१ साली परिषदेचा सुधारित अभ्यासक्रम राजपत्रात आला, तेव्हापासून ते आठ सत्रांत विभागले आहे. पहिल्या सत्रांत पायाभूत नर्सिंग, मग प्रौढांचे आजार, पुढे बालआरोग्य, मनोविकार, सामुदायिक आरोग्य आणि प्रसूतिशास्त्र, शेवटच्या सत्रात इंटर्नशिप. रबरी पुतळ्यावर सुई टोचायचा सराव होतो, पण हात खरा बसतो तो वॉर्डातल्या पोस्टिंगमध्ये.

पोस्टिंगमधली सकाळ बघण्यासारखी असते. रात्रपाळीची सिस्टर खाटेगणिक ओव्हर देते: खाट क्रमांक सात, शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस, सलाईन चालू, लघवी किती झाली, ताप उतरला का. विद्यार्थिनी आपल्या वाट्याच्या रोग्यापाशी जाऊन नाडी, श्वास आणि ताप मोजते, तक्त्यावर ठिपका देते. औषध देण्याआधी रोगी तोच ना, औषध तेच ना, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर ना, हे एकेक करून तपासते. मग केअर प्लॅन लिहायला बसते. त्याच्या पाच पायऱ्या: पाहणी, निदान, नियोजन, प्रत्यक्ष काम आणि परिणामाची तपासणी. हे निदान डॉक्टरांच्या निदानाहून वेगळे असते. डॉक्टर लिहितात पक्षाघात. ती लिहिते की या रोग्याला कूस वळता येत नाही म्हणून कातडी फुटण्याचा धोका आहे, घास नीट गिळता येत नाही म्हणून ठसक्याचा धोका आहे. दुपारी शिक्षिका खाटेपाशी उभी राहून विचारते, दहा वाजता कूस बदललीस, मग बाराला का नाही? या एका प्रश्नात अख्खा विषय मावलेला असतो.

वर्ष संपते तेव्हा महाविद्यालये हिशेब मांडतात. निकाल किती टक्के लागला, विद्यापीठात पहिली कोण आली, किती जणींना नोकऱ्या लागल्या, दीपप्रज्वलन आणि १२ मेचा परिचारिका दिन कसा साजरा झाला. या सगळ्याचा आनंद आहेच. पण परिचारिकेचे सर्वात मोठे यश असते ते न घडलेल्या गोष्टींत: न झालेली जखम, न पसरलेला संसर्ग, न चुकलेली मात्रा. अहवालात अशा गोष्टींचा रकाना सहसा नसतो आणि म्हणून समाजालाही त्या दिसत नाहीत.

त्या किती मोठ्या असू शकतात, याचा दाखला मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये भीषण हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. ७ मार्च २०११ रोजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला, तेव्हा तोवरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची मुद्दाम नोंद घेतली. दर दोन तासांनी कूस, असा हिशेब ४१ वर्षांना लावून पाहावा. त्या काळात निवृत्त झालेल्या सिस्टरने रुजू झालेल्या सिस्टरच्या हाती जे दिले, ते पहिल्या सत्रातले चादरीचे आणि कुशीचेच शिक्षण होते.

दुसरा दाखला मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याचा, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा. सीएसएमटीजवळच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या आणि त्यांच्या वॉर्डात २० गर्भवती होत्या. दोन अतिरेकी आवारात शिरल्याचे दिसताच त्यांनी वॉर्डाची दारे लावली, दिवे घालवले आणि सगळ्या बायकांना कडेच्या छोट्या खोलीत हलवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे त्यांनी त्या दोघांपैकी कसाबची ओळख पटवली, साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला. त्या रात्री कुणाला आधी हलवायचे, कुणाचा रक्तदाब वाढलेला आहे, कुणाचे दिवस भरले आहेत, हे ठरवायला त्यांच्याकडे क्षणभरच होता. वॉर्डातला प्रत्येक रोगी तपशिलाने माहीत असण्याची सवय अशा वेळी माणसे वाचवते.

ही सवय लागण्यासाठी विद्यार्थिनीला पुरेसे रोगी आणि पुरेशा शिक्षिका हव्यात. परिषदेचा निकष सरळ आहे: एका विद्यार्थिनीमागे तीन रोगी आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका. जिथे खाटा रिकाम्या आणि मुली जास्त, तिथे प्रोसिजरची वही भरते, हात मात्र तयार होत नाही. आणि जिथे खाटा ओसंडून वाहतात आणि कायमच्या सिस्टर अपुऱ्या, तिथे शिकायला आलेल्या मुलीला रिकाम्या जागी उभे केले जाते. रुग्णालयांच्या जुन्या शाळांमधले अल्पवेतनी मनुष्यबळ नव्या नावाने परत येते.

२०२३ साली परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा नवा कायदा संसदेत मंजूर झाला. त्याच्या अंमलबजावणीत शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन होईल, तेव्हा निकालाच्या टक्क्यांशेजारी आणखी दोन रकाने हवेत: विद्यार्थिनी जिथे काम करतात त्या वॉर्डांतल्या शय्याव्रणांचे प्रमाण आणि सलाईनच्या जागी होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण. दोन्ही आकडे वॉर्डाच्या नोंदवहीतून काढता येतात. आणि मुलीला प्रवेश घेऊन देणाऱ्या पालकांनी इमारत आणि बस बघण्याआधी महाविद्यालयाला तीन गोष्टी विचाराव्यात: संलग्न रुग्णालय कोणते, त्यातल्या रोज भरलेल्या खाटा किती आणि वॉर्डात मुलीशेजारी शिक्षिका किती तास उभी असते.