तिसऱ्यांची वीण आणि बंदीच्या तारखा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांना निर्धास्त विणता यावं, हे त्यामागचं एक कारण. खाडीच्या गाळात रुतून राहणाऱ्या तिसऱ्यांना मात्र या तारखांचा फारसा उपयोग नाही. एक तर त्या ओहोटीला हातानेच वेचल्या जातात. शिवाय त्यांच्या विणीचं वेळापत्रक बरंचसं पाण्याचा खारेपणा ठरवतो. पावसाने जोर धरला की डोंगराचं पाणी खाडीत उतरतं आणि खारेपणा झपाट्याने घटतो. मोठी तिसरी शिंपले घट्ट मिटून काही काळ तग धरते. पाण्यात तरंगणाऱ्या तिच्या अळ्यांना ती सोय नाही. म्हणूनच आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अनेक शिंपल्या पाऊस ओसरून पाणी पुन्हा खारं होऊ लागलं की विणतात.

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराने विणीला उसंत न देता उपसा करण्याची किंमत मोजली आहे. परदेशी मागणीमुळे तिथलं तिसऱ्यांचं उत्पादन १९९१ मध्ये वर्षाला १०,००० टनांवर गेलं आणि १९९३ मध्ये निम्म्यावर आलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी हे विणीचे महिने बंद झाले, जाळ्याचा आस किमान ३० मिलिमीटर ठरला, बारीक मालाच्या निर्यातीवर मर्यादा आली. २०१४ मध्ये या मासेमारीला ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’चं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. नियम एकत्र आल्याने या यशाचं सगळं श्रेय हंगामी बंदीला देता येत नाही, हे खरं. पण तेच महिने उचलून कोकणात लावणंही चुकीचं ठरेल. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरातही ईशान्य मोसमी पाऊस चांगला पडतो. आपल्याकडे तोवर पाऊस परतलेला असतो.

आपल्या खाडीची तारीख काढणं तसं अवघड नाही. दर महिन्याला मूठभर तिसऱ्या उघडून पाहायच्या. त्यांची जननग्रंथी सुटी गाठीसारखी नसते. ती पायाच्या बुडाशी, पाचकग्रंथीभोवती पसरत जाते. ती पक्व झाली की सगळा भाग दुधाळ, फुगीर होतो. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अंडी तयार आहेत की सोडून झाली, ते कळतं. विणल्यावर तेच मांस लिबलिबीत, पाणचट होतं. खरी अडचण इथेच आहे. गिऱ्हाईकाला भरलेली तिसरी हवी असते, म्हणजे बाजाराची ओढ ऐन विणीच्या तोंडावर सर्वात जास्त. त्यामुळे बंदी वीण सुरू होण्याआधीच लागू व्हायला हवी. उशिरा लागलेली बंदी फक्त पाणचट माल वाचवते.

एक मादी लाखो अंडी सोडते, मग एवढी काळजी कशाला, असा आक्षेप येतो. पण नर-मादी दोघंही आपापल्या पेशी उघड्या पाण्यात सोडतात. तिसऱ्या विरळ झाल्या की अंड्यांची आणि शुक्रपेशींची गाठच पडत नाही, मग लाखांचा आकडा कागदावरच राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बंदीचे तीन महिने वेचणाऱ्या बायकांनी खायचं काय? त्यावरचा मार्गही या दाटीतूनच निघतो. सगळी खाडी बंद न करता दाट वस्तीचे काही पट्टे राखले, तर फलन तिथे होत राहील आणि दोनेक आठवडे तरंगणाऱ्या अळ्या भरतीबरोबर इतर पट्ट्यांत जाऊन बसतील. मात्र पट्टा अगदी खाडीच्या मुखाशी निवडला, तर त्यातल्या बऱ्याच अळ्या ओहोटीबरोबर समुद्रात वाहून जाण्याची भीती आहे. तेव्हा जागा ठरवण्याआधी पाण्याचा ओघ तपासावा लागेल, आणि तो वेचणाऱ्या बायकांइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतो.