जुन्या ध्वनिमुद्रिकांचे द्रव्य व त्यांची स्वच्छता

ध्वनिमुद्रिका स्वच्छ करण्याचा प्रश्न हा मूलतः द्रव्याचा प्रश्न आहे. भारतात १९०२ साली ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. तेव्हापासून १९७० च्या सुमारापर्यंत निघालेल्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या बहुतेक तबकड्या लाखेच्या, म्हणजे शेलॅकच्या आहेत. मुंबईत वडाळ्यास तयार होणाऱ्या ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्याही त्यांतच मोडतात. पुढे आलेल्या लाँगप्ले मुद्रिका व्हिनाइल या कृत्रिम द्रव्याच्या होत.

लाखेच्या तबकडीत चपडा लाख हे बंधक असून दगडाची बारीक पूड व काजळी यांची भर असते. पोलादी सुईचे टोक या पुडीवर घासून खाचेच्या आकाराचे होई. त्या झिजेचा कीस व धूळ खाचेत साचतात आणि पुढील प्रत्येक वादनात स्वरांकन खरवडतात.

सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश तयार करतो. जे लाकडास उपकारक, तेच तबकडीस मारक होय. पिंपरी-चिंचवड व चाकण यांसारख्या कारखानदारीच्या पट्ट्यात सुटे भाग पुसण्याचे आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज हाताशी असते. व्हिनाइलसाठी ते पाण्यात मिसळून वापरतातही. लाखेस त्याचा स्पर्शही होऊ नये. मात्र केवळ गतीवरून द्रव्य ठरवू नये, कारण ७८ फेऱ्यांच्या काही उत्तरकालीन मुद्रिका व्हिनाइलच्या आहेत. लाखेची तबकडी जड, ताठ व ठिसूळ असते. व्हिनाइलची किंचित लवचिक. शंका असल्यास ती लाखेची मानावी.

प्रथम मऊ ब्रशाने कोरडी धूळ काढावी. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य अपमार्जकाचे काही थेंब घालून खाचेच्या दिशेने पुसावे. कागदी लेबल कोरडे राखावे. लगेच शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याने अपमार्जक काढून तबकडी उभी वाळवावी. लाखेची तबकडी भिजत ठेवू नये. तडा गेलेली ओली करूच नये.

पावसाळ्यात लाखेवर व पाकिटावर बुरशी चढते, उन्हाळ्यात व्हिनाइल वाकते. म्हणून दोन्ही प्रकार आम्लरहित पाकिटांत, उभे व उन्हापासून दूर ठेवावेत. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असणे इष्ट.

मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली दिवंगत झाले. त्यांच्या गायकीच्या अभ्यासकास लाखेच्या तबकड्या हेच मुख्य साधन होय. अशा जुन्या मुद्रणांचे मूळ धातूचे साचे पुष्कळदा उरलेले नसतात. मग कोणाच्या तरी घरातील प्रतच अखेरची ठरते. संगणकावर उतरवून घेण्यापूर्वी तिच्या स्वच्छतेत झालेला प्रमाद पुढील प्रत्येक नकलेत कायम राहतो.