पैसे कापले, पण पोचले नाहीत? उत्तर असतं ‘लॉग’मध्ये

कणकुंबी : बेळगाव-चोर्ला रस्त्यावर कणकुंबीत चहाला थांबायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि नेमकी तेव्हाच रेंज जायची. गिऱ्हाईकाला पैसे कापल्याचा मेसेज येतो, दुकानदाराचा मोबाईल मात्र गप्प. मग ‘मी दिले’, ‘मला नाही आले’ सुरू. हा वाद मिटवणारी एक नोंदवही असते. तिला ‘लॉग’ म्हणतात.

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजकीर्द. प्रत्येक टप्प्यावर सॉफ्टवेअर स्वतःहून एक ओळ लिहितं : तारीख, वेळ, व्यवहार क्रमांक आणि काय घडलं. नेहमीचं काम असेल तर ‘इन्फो’, काही खटकलं तर ‘वॉर्निंग’, काम अडलं तर ‘एरर’ असा शिक्का ओळीवर असतो. फाईल फुगली की ती बंद करून नवी उघडली जाते.

यूपीआयचे पैसे देणाऱ्याची बँक, एनपीसीआय आणि घेणाऱ्याची बँक अशा वाटेनं जातात. प्रत्येकाची कीर्द वेगळी, पण १२ अंकी यूटीआर क्रमांक एकच. त्यावरून ओळी जुळवल्या की गाडी कुठं अडली ते कळतं. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं जुळायला हवीत. म्हणून ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये सरकारी घड्याळाशी वेळ जुळवण्याचा आणि लॉग १८० दिवस जपण्याचा आदेश दिला.

लॉगमध्ये सगळंच लिहून चालत नाही. ट्विटरच्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले गेल्याचं २०१८ मध्ये समोर आलं. तेव्हा कंपनीला सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं.

ग्राहकानं काय करावं? घाईनं दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. रेंज आल्यावर ॲपच्या हिस्टरीत व्यवहाराची स्थिती बघावी, यूटीआर क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे कापले गेले पण त्याच्याकडं खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेत जाताना तेवढा क्रमांक सोबत असला, की पुढचं लॉग बोलतो.