विश्लेषण : वजनकाट्याचा संगणक ऐन हंगामात का बंद पडतो?

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक थोडा वेळ जरी बंद पडला, तरी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते आणि तोटा शेतकऱ्याच्या माथी बसतो. अशा ठिकाणी पंखा नसलेला, डब्याएवढा औद्योगिक संगणक सोयीचा ठरतो. धूळ आणि उष्णता तो सोसतो. मात्र बिघाडाचे मूळ अनेकदा संगणकात नसतेच; ते त्याच्या मागच्या बाजूला, सिरियल पोर्ट आणि वीजजोडणीत असते.

यूएसबीच्या जमान्यात सिरियल पोर्ट कशाला?

काट्याखालचे लोडसेल वजनाचा संकेत इंडिकेटरला देतात. इंडिकेटर तो आकडा सिरियल पोर्टमधून संगणकाला पाठवतो. यासाठीचे आरएस-२३२ हे मानक १९६० मधले, पण अजून ठणठणीत! पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंडची अशा तीन तारांत काम भागते. बॉड रेट दोन्हीकडे सारखा नसेल, तर पडद्यावर वजनाऐवजी भलतीच अक्षरे उमटतात. अंतराची मर्यादा साधारण १५ मीटर. काटा आणि कार्यालय यांत त्याहून जास्त अंतर असेल, तर आरएस-४८५ वापरतात. त्यात दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक वाचला जातो, त्यामुळे कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत संकेत पोहोचतो.

पोर्ट दिसायला सारखे, मग धोका कुठे?

नऊ पिनांचे तेच पोर्ट आरएस-२३२ म्हणून चालवायचे की आरएस-४८५ म्हणून, हे अनेक औद्योगिक संगणकांत बायोस किंवा जंपरने ठरते. खरी मेख नवव्या पिनेत आहे. ती मुळात मोडेमची रिंग कळवण्यासाठी होती. आता काही संगणकांत जंपर बदलून तिच्यावर ५ किंवा १२ व्होल्ट देता येतात. बारकोड स्कॅनरला वेगळा अ‍ॅडाप्टर लागत नाही, हा फायदा. पण जंपर १२ वर असताना ५ व्होल्टचे उपकरण जोडले, तर ते जळू शकते.

स्वस्तात काम उरकायला रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, तर आरएस-२३२ची तार उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. मध्ये मॅक्स-३२३२सारखी चिप हवीच.

विजेचे गणित काय?

समजा, संगणकाला २४ वॉट लागतात. १२ व्होल्टवर तो २ अँपिअर ओढतो. पॉइंट पंचाहत्तरची तांब्याची तार १० मीटर टाकली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि वाटेतच जवळपास १ व्होल्ट गळतो. काम वाढताच व्होल्टेज आणखी उतरते आणि संगणक रीस्टार्ट होतो. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा, गळतीही निम्मी. अनेक औद्योगिक संगणक ९ ते ३६ व्होल्ट स्वीकारतात. लेबल पाहून २४ व्होल्टचा पुरवठा निवडणे केव्हाही बरे. मोटारीचा कॉन्टॅक्टर मात्र त्याच पुरवठ्यावर नको.

काटा आणि कार्यालय यांचे अर्थिंग वेगळे असेल, तर दोन्हींतील फरकाचा प्रवाह सिरियल केबलच्या ग्राउंडमधून वाहतो. वजनाचे आकडे अधूनमधून तुटतात, कधी पोर्टच जाते. अशा ठिकाणी आयसोलेटेड पोर्ट घ्यावे लागते.

तपासणी करताना मल्टिमीटर संगणकाच्या टोकाला आणि संगणक चालू असताना लावावा. बंद संगणकावर १२ व्होल्ट नेहमीच पूर्ण दिसतात.